पाण्याच्या माहेरी

मे महिन्यात आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतली माणसं हवापालटाला जातात. कुलकर्णी काश्मीरला गेले, दुसऱ्या मजल्यावरचे नायर केरळला गेले, आणि ज्यांना कुठेच जायचं नव्हतं ते संध्याकाळी गच्चीवर गेले. मी यंदा टँकरने ठाण्याला गेलो. प्रवासवर्णनं लिहिणाऱ्यांनी उंट, याक, होडी आणि बैलगाडी यांच्यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. पाण्याच्या टँकरवर कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून हा खटाटोप.

निमित्त झालं आमच्या स्विमिंग पूलचं. हा पूल बिल्डरने दिला तेव्हापासून गळत होता. यंदा कमिटीने तो दुरुस्त करून घेतला, तळाला निळ्या फरशा लावल्या आणि रविवारी उद्घाटन ठरवलं. आता उन्हाळ्यात नळाचं पाणी बेताचं येतं. आमच्या पिण्यासैपाकाचं पाणीसुद्धा रोज एक टँकर ठाण्याच्या एका जुन्या गावठाणातल्या विहिरीवरून आणतो. जवळपासच्या विहिरी आटल्या की पाणी असं लांबून येतं. आमचं पाणी आमच्यापेक्षा जास्त प्रवास करतं. पूल गुडघ्यापर्यंत भरला आणि ठेकेदाराने हात वर केले. म्हणाला, "विहीरवाले जादा द्यायला तयार नाहीत. तुमच्यापैकी कुणीतरी जाऊन बोला."

बोला, हा शब्द उच्चारल्याबरोबर कमिटीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलतो, अशी माझी ख्याती आहे. गणपतीत सूत्रसंचालन माझ्याकडे, सत्यनारायणाच्या पूजेनंतरचं आभारप्रदर्शन माझ्याकडे, आणि लिफ्ट अडकली की आत अडकलेल्यांना धीर द्यायचं काम माझ्याकडे. (लिफ्ट चालू झाली तरी एकदा मी बोलत होतो, असं लोक सांगतात.) चेअरमन पाटणकर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "दोन जादा टँकर आणा. मी पोहायचा गॉगल आणून ठेवलाय."

निघताना बायकोने पिशवीत पाण्याची बाटली ठेवली.

"अगं, मी विहिरीवरच चाललोय," मी म्हणालो.

"असू दे. बोलून घसा कोरडा पडतो तुमचा. समोरच्याचा पडत नाही, तो झोपतो."

टँकरचा ड्रायव्हर बालाजी मूळचा बीडकडचा. केबिनमध्ये चढायला एक पायरी होती ती तुटली होती, म्हणून त्याने मला वरून ओढलं आणि खालून वॉचमनने ढकललं. अशा थाटात माझं प्रस्थान झालं. टँकर रिकामा होता. रिकामा टँकर खड्ड्यातून गेला की असा घुमतो, की पुढचे रिक्षावाले देवळातली घंटा समजून बाजूला होतात. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. अजिबात पाणी नसलं की तो खळखळाट किती वाढतो, ते मला कल्याण-शीळ रस्त्यावर कळलं.

या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नवे टॉवर उभे राहिलेत. त्यांची नावं वाचत गेलं तर आपण बंदरावर आलो आहोत असं वाटतं. कुणी सरोवर, कुणी लाटा, कुणी झरा, एक तर थेट धबधबा. आणि प्रत्येकाच्या फाटकाशी आमच्यासारखाच एक टँकर. बालाजी प्रत्येक ड्रायव्हरला हात करत होता.

शीळच्या पुढे डोंगर लागले. लागले म्हणजे त्यांच्यातलं जे उरलंय ते लागलं. एका डोंगराची पाठ शाबूत होती, पोट नव्हतं. बर्फीची वडी काढावी तसा सरळ काप घेतला होता, आणि खाली डंपर मुंग्यांसारखे रांगेत उभे होते.

"अरेरे," मी म्हणालो. मला निसर्गाचा कळवळा पटकन येतो. "कुठे नेतात रे एवढा दगड?"

"तुमच्याकडंच की," बालाजी म्हणाला.

"आमच्याकडे?"

"मग तुमची बिल्डिंग काय शेणाची हाय का?"

मी काचेतून मागे पाहिलं. त्या कापलेल्या डोंगरात आमचा हॉल, दोन बेडरूम आणि गच्ची असावी, बहुतेक जिनाही. म्हणजे संध्याकाळी मी बाल्कनीत उभा राहून "इथून पूर्वी डोंगर काय छान दिसायचा" म्हणतो, तेव्हा मी त्याच्याच डोक्यावर उभा असतो.

मुंब्र्याच्या बायपासवर बालाजीने गाडी बाजूला घेतली. इंजिन तापलं होतं. त्याला पाणी घालायला हवं, आणि टँकरमध्ये थेंब नाही. मी बाटली पुढे केली.

"ठेवा. इंजिनाला चांगलं पानी कशाला?" असं म्हणून त्याने सीटखालून एक गढूळ कॅन काढला. खाली खाडी चमकत होती. वर, डोंगराच्या कडेला एक बाई टोपलीत करवंदं घेऊन बसली होती. पानावर घातलेली ती काळी, चिकट, उन्हाने गरम झालेली करवंदं मी पुलाच्या चिंतेत असतानाही बोटं चाटत खाल्ली.

"काय हो, डोंगर तर खणून नेला. करवंदं कुठली आणता?" मी विचारलं.

"ह्या बाजूला मशीन हाय, त्या बाजूला जाळ्या हायत. मशीनवालं बी माझ्याकडूनच नेत्यात."

"आणि मशीन त्या बाजूला गेलं की?"

"मंग तुमी द्राक्षं खा," बाई म्हणाली आणि पानावर आणखी चार करवंदं टाकली.

ठाण्याच्या त्या गावठाणात टँकर शिरत नाही. रस्त्यावर दर वर्षी नवं डांबर चढून रस्ता उंच झालाय आणि गावठाण आहे तिथेच राहिलंय. त्यामुळे गाडी वर उभी करायची आणि गल्लीतून खाली विहिरीपर्यंत जाड पाइप सोडायचा. गल्लीच्या तोंडाशी फुलांचा हार घातलेला क्रूस आहे. त्याच्या पुढे कौलारू घरं, आणि त्या दिवशी घरांच्या मधोमध रंगीत कागदांचा मांडव. मांडवात बँडवाले तालीम करत होते. ट्रंपेटवाला एकाच ओळीवर पुन:पुन्हा घसरत होता आणि पुन:पुन्हा उठत होता.

हे पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांचं जुनं गाव. पूर्वी भातशेती आणि मासेमारी, आता मुलं बँकेत आणि विमानतळावर. विहीर दोन भावंडांची, झेवियर आणि त्याची थोरली बहीण फिलोमिना, जिला सगळं गाव फिलूबाय म्हणतं. ('बाय' म्हणजे आपली ताई.) झेवियरच्या मुलाचं, रोलंडचं, दुसऱ्या दिवशी लग्न होतं. झेवियर विहिरीच्या कठड्यावर बसून मोटर चालू करत होता. हे त्याचं रोजचं काम. विहिरीत उतरत्या दगडी पायऱ्या आहेत. ठरावीक पायरी उघडी पडली की मोटर बंद करायची, कारण त्याखालचं पाणी गावाचं. तिकडे टँकर भरो वा न भरो.

फिलूबाय मांडवात बसल्या होत्या. अंगावर काठापदराचं लाल लुगरं (लुगडं), कानात जड सोनं, समोर कढई. मी पाणी हा शब्द काढायच्या आत त्यांनी माझ्या हातात पानावर फुगे ठेवले. (फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल, पोकळ गोळे. तोंडात टाकला की फुग्यातली हवा निघून जाते आणि माणसाच्या तोंडातलं बोलणंही.) सोबत बाटली मसाल्यातलं, म्हणजे वर्षभरासाठी कुटून बाटल्यांत भरून ठेवलेल्या मसाल्यातलं, कोंबडीचं कालवण. बालाजीलाही एक पान वर रस्त्यावर पाठवलं गेलं.

"आधी खा. रिकाम्या पोटाचं आमी काय ऐकत नाय," फिलूबाय म्हणाल्या.

खाऊन झाल्यावर मी उभा राहिलो. तिथेच घात झाला. समोर मांडव, खुर्च्या, लग्नाला आलेली माणसं, पाठीमागे बँड. माझ्यासारख्याला एवढं आयतं नेपथ्य कोण देतो? मी भगीरथापासून सुरुवात केली. गंगा स्वर्गातून उतरवली, शंकराच्या जटेत क्षणभर थांबवली, तिथून चवदार उदाहरणांच्या काठाकाठाने डोंबिवलीपर्यंत आणली. आमची मुलं किती कोमेजली आहेत, ते सांगितलं. पोहता न येणाऱ्या पिढीचं पुढे काय होणार, हा सवाल टाकला. बायका कामं सोडून येऊन बसल्या. एक म्हातारे गृहस्थ मान डोलवत होते. झेवियरही कठड्यावरून उठून मांडवाच्या खांबाला टेकून ऐकू लागला. मला ते दिसलं, आणि प्रामाणिकपणे सांगतो, मला आनंदच झाला. मी आवाज आणखी चढवला. बँडवाल्यांनाही चेव आला. माझ्या वाक्याच्या शेवटी ढोलावर थाप पडू लागली.

मी "पाणी म्हणजे जीवन" इथपर्यंत आलो आणि ट्रंपेटवाला वाजवायचा थांबून आपल्या बुटांकडे बघू लागला. त्याचे बूट पाण्यात होते. गल्लीतून झुळझुळ पाणी येत होतं. वर रस्त्यावर टँकर केव्हाच भरून वरच्या झाकणातून ओसंडत होता. बालाजी गाडीच्या सावलीला, पुढ्यात फुग्यांचं रिकामं पान ठेवून, टॉवेल तोंडावर घेऊन आडवा झाला होता. सांडलेलं पाणी उताराने खाली येत होतं, बँडवाल्यांच्या पायांतून वाट काढत होतं आणि कोपऱ्यावरच्या गटारात उडी घेऊन खाडीकडे पसार होत होतं. बँड थांबल्यावर मोटरचा आवाज ऐकू आला. ती कोरडीच गुरगुरत होती.

सगळे विहिरीकडे धावले. सगळ्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. तळाशी काळा चिखल, एक प्लॅस्टिकचा मग, एक चप्पल ("ती माझी," झेवियर पुटपुटला) आणि मधोमध एक बेडूक. तो मान वर करून आमच्याकडे असा बघत होता, की माझ्याच्याने त्याच्या नजरेला नजर देववेना.

फिलूबायनी आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज उंबराचं पानी," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता पोराच्या डोक्यावर काय ओतू? तुजं भाषन?"

उंबराचं पाणी काय असतं ते मला म्हाताऱ्या गृहस्थांनी हलक्या आवाजात सांगितलं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरच्या बायका वाजतगाजत विहिरीवर जातात. विहिरीला नाणं आणि थोडी दारू देतात, तिची परवानगी घेऊन कळशी भरतात, आणि ती सजवलेल्या छत्रीखालून घरी आणतात. त्या पाण्याने नवऱ्याला न्हाऊ घालतात. या विहिरीच्या पाण्याने न न्हाता या घरातला कुणी लग्नाला उभा राहिलेला नाही. मे महिन्यात तळाच्या झऱ्याने विहीर भरायची तर सकाळ उजाडणार, आणि पाणी हवं होतं दिवस मावळायच्या आत.

नवरामुलगा रोलंड भला होता. तो म्हणाला, "बाय, राहू दे ना. गीझरचं घेतो मी."

"तू गप. तुजा बाप ह्या पान्यानं न्हाला, तुजा आजा न्हाला. तू काय गीझरच्या घरी जन्मलास?"

"बाय, टँकरच्या पैशावरच तर बँड सांगितला," झेवियर चाचरत म्हणाला.

"हां. पानी विकून बँड आनला, कशाला, तर पानी आनायला." फिलूबायनी कपाळावरचा घाम पुसला. माझ्याकडे वळताना त्यांचा आवाज प्रथमच हलला. "भाऊ, माझ्या हातानं ही कळशी भरायची शेवटची खेप. ह्याच्यानंतर घरात लगीन नाय. उद्यापासून एक पन टँकर नाय. पूल नको आनि पिन्याचं बी नको. जा."

म्हणजे मी दोन टँकर मिळवायला आलो होतो आणि होता तोही घालवून बसलो. आमच्या इमारतीतल्या सगळ्या घरांच्या घागरी माझ्या डोळ्यांसमोर एका ओळीत येऊन उभ्या राहिल्या. मी वर पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता, भरलेला, तृप्त. ही विहीर त्याच्या पोटात होती.

तेवढ्यात पाटणकरांचा फोन आला.

"टँकर निघाला का?"

"भरला होता," मी म्हणालो, "पण पाणी आता परत घरी चाललंय."

"घरी म्हणजे आपल्याकडे ना?"

"नाही. त्याच्या."

"अहो, रविवारी उद्घाटन आहे. मी गॉगल..."

मी फोन खिशात ठेवला. आयुष्यात प्रथमच मी एखादं संभाषण समोरच्याच्या आधी संपवलं असेन.

बालाजी डोळे चोळत आला. पाणी परत सोड म्हटल्यावर त्याचा कानांवर विश्वास बसेना. "साहेब, इतकी वर्सं टँकर चालवतोय. भरा म्हनत्यात, लवकर आना म्हनत्यात. माघारी वता म्हननारा मानूस न्हाई बघितला." पण ठेकेदाराला मी सांभाळतो म्हटल्यावर त्याने मोटर सोडवली आणि पाइप उलटा जोडला. रस्ता उंच होता, त्यामुळे मोटरची गरजच नव्हती. नुसती टँकरची तोटी फिरवायची बाकी होती.

इथे म्हाताऱ्या गृहस्थांनी शंका काढली. टँकरमधून आलेलं पाणी विहिरीचं म्हणायचं का टँकरचं? मांडवात दोन तट पडले. झेवियर म्हणे पाणी तेच आहे. त्याची बायको म्हणे, मग टाकीत साठवलेलंही तेच, मग गीझरचंही तेच. वाद नळावर येऊन थांबल्यावर सगळ्यांनी फिलूबायकडे पाहिलं.

त्यांनी विचार केला. "पोरगी सासरी जायला गाडीत बसली," त्या म्हणाल्या, "गाडी दारातूनच माघारी आली. तर ती पावनी झाली काय? घरचीच ना. सोड."

पाणी आलं. पाइपातून घळघळत विहिरीत पडू लागलं, बेडूक पायरीवर चढून बसला आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी पिशवीतली बायकोने दिलेली बाटली काढली. तिच्यातलंही पाणी इथलंच, कालच्या टँकरचं. डोंबिवलीला एक रात्र राहून आलं होतं. मी ती कठड्यावरून उपडी केली.

"ही पन माहेरची काय?" फिलूबायनी विचारलं. पहिल्यांदाच त्या हसल्या.

पण विहीर भरली तरी पाणी गढूळ. तळचा सगळा गाळ उठला होता. कॉफीच्या रंगाचं पाणी नवऱ्याच्या डोक्यावर कोण घालणार? दिवस कलला, बायका नटून तयार झाल्या, मिरवणूक निघायची वेळ झाली. फिलूबाय बँडवाल्यांकडे वळल्या.

"ढोल बंद. धावतं गानं नको. हळू वाजव, गाळ बसू दे."

विहिरीतला गाळ बसावा म्हणून बँडला संथ चाल वाजवायला सांगितलेली मी तरी पहिल्यांदाच ऐकली. पण मी ज्याच्यावर हसणार होतो त्यावर कुणीही हसलं नाही. ट्रंपेटवाल्याने डोळे मिटून एक लांब, थबकत जाणारी चाल धरली आणि आश्चर्य म्हणजे कुठेच घसरला नाही. मिरवणूक नेहमी भर्रकन येते म्हणे, ती त्या दिवशी पावलाला पाऊल लावून आली. कठड्याशी उभं राहून सगळे खाली बघत होते. बोलणं बंद. माझंसुद्धा. पाण्याचा रंग कॉफीचा चहा झाला, चहाचा दुधाळ झाला, आणि मग कडेकडेने पायऱ्या दिसू लागल्या.

फिलूबायनी नाणं टाकलं. दारूचा पेला ओतला. मग दुसरा पेला भरून माझ्या हातात दिला.

"ओत. आनि माफी माग. थोडक्यात."

मी थोडक्यात मागितली. तीन शब्दांत. मग कळशीला दोर बांधून त्यांनी ती स्वत: खाली सोडली, बुडबुड आवाज ऐकला, आणि ओढून वर आणली. ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी ते उजेडाकडे धरलं, वास घेतला आणि एक घोट प्यायल्या.

"आपलंच हाय," त्या म्हणाल्या.

मग ढोल सुटले. परतताना कळशीवर छत्री धरायचा मान मला मिळाला, बहुधा दोन्ही हात गुंतले की मी गप्प राहीन म्हणून. पुढे बँड, बाजूला नाचणारी माणसं, मागून धक्के, गल्ली अरुंद, आणि मध्ये डोक्यावर कळशी घेऊन फिलूबाय चालल्या होत्या. एक थेंब सांडला नाही. आमचा टँकर ठाण्याहून डोंबिवलीपर्यंत ठिबकत येतो, कुत्री त्याच्या वाटेवर जागा धरून बसतात. रोलंड पाटावर उघडाबंब बसला होता. पाणी डोक्यावर पडलं तसा तो शहारला. फिलूबायनी रिकामी कळशी छातीशी धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

मी निघालो तेव्हा त्या टँकरपर्यंत आल्या. टँकरमध्ये पाणी नव्हतं. तळाशी उरलेलं असेल तेवढंच.

"उद्यापासून पाठव गाडी," त्या बालाजीला म्हणाल्या. "प्यायला ने, सैपाकाला ने. झेवियर कठड्यावरून उठनार नाय, पायरी दिसली की बंद." मग माझ्याकडे वळून, "पोहायला खाडी हाय. आनि एक. तुज्या लोकांना सांग, तुला परत पाठवू नका. लग्नाला ये, जेवायला ये. पानी मागायला नको."

फुग्यांची पिशवी मांडीवर घेऊन मी परत निघालो. टँकर पुन्हा घुमत होता. मुंब्र्याला करवंदवाली उठून गेली होती. शीळपाशी डंपरचे दिवे लागले होते. जातानाचा कळवळा काढावा म्हणून मी तोंड उघडलं, पण आमचा हॉल आठवला आणि मिटलं. रिकामी बाटली पिशवीत खडखडत होती.

फाटकाशी पाटणकर उभे होते. त्यांनी टँकरच्या पोटावर टिचकी मारली. टँकर घुमला. मी झालेलं सगळं सांगितलं, फक्त भाषणाची लांबी थोडी कमी केली. रोजचं पाणी चालू राहणार म्हटल्यावर बायकोने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. फुगे मिळाल्यावर बाकीच्यांनीही.

रविवारी उद्घाटन झालंच. पाणी गुडघाभर. मुलांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यांनी त्यात पाण्यातलं क्रिकेट सुरू केलं आणि आईबाप काठावर निर्धास्त बसले, कारण गुडघाभर पाण्यात बुडायला प्रयत्न करावा लागतो. पाटणकर गॉगल लावून मधोमध उभे राहिले आणि मग, शब्दाला जागायचं म्हणून, तसेच खाली बसले. पाणी त्यांच्या पोटाला लागलं. पाऊस येईल तेव्हा गच्चीवरचं पाणी पाइपाने पुलात सोडायचं, असं तिथल्या तिथे बसूनच त्यांनी जाहीर केलं.

"आता आपले वक्ते चार शब्द बोलतील," ते म्हणाले.

माइक माझ्यापुढे आला. मी तो हातात घेतला, गर्दीकडे पाहिलं, निळ्या फरशांवरच्या त्या गुडघाभर पाण्याकडे पाहिलं आणि माइक परत दिला. लोकांना वाटलं, मला बरं नाही. खरं म्हणजे माझ्या एका भाषणाला किती पाणी लागतं, ते मला आता माहीत आहे.